तीन पिढ्यांत पैसा जातो तो नेमका कुठे?

प्रश्न: आजोबांनी कमावलं, वडिलांनी सांभाळलं, नातवांनी उडवलं, असं सगळेच म्हणतात. पण दरवेळी नातू उधळ्याच निघतो का? कोणी जवळून पाहिलंय?

चालता_बोलता: आयत्या पैशाला किंमत नसते हो. व्यसनं, थाटमाट, दुसरं काय.

जुना_कारकून: थांबा जरा. मी एका घराच्या तीन पिढ्यांचे हिशेब लिहिलेत. नातू उधळ्या नव्हता, बिचारा सह्या गोळा करत फिरायचा. मोठ्या घराचं छप्पर गळत होतं आणि उताऱ्यावर अकरा नावं. नऊ सह्या झाल्या, दोन चुलतभाऊ अडून बसले. तोवर तुळया कुजल्या. ‘वकील फी’ हे खातं आजोबांच्या वह्यांत नव्हतंच. शेवटी शेवटी ते घरखर्चाच्याही वर गेलं. घर विकायच्या कागदावर मात्र अकराही सह्या एका दुपारी झाल्या.

आता साधा गुणाकार करा. तीन मुलं, त्यांची तीन-तीन, म्हणजे नऊ नातवंडं. प्रत्येकाला आजोबांइतकं श्रीमंत राहायचं असेल तर ५० वर्षांत इस्टेट नऊपट हवी. म्हणजे कर, महागाई आणि सगळ्यांचा घरखर्च वजा जाता वर्षाला साधारण साडेचार टक्के वाढ, तीही न चुकता. व्यसन नसलं तरी हे जमत नाही.

चालता_बोलता: आणि अमेरिकेतलं ते रेल्वेवालं व्हँडरबिल्ट घराणं? ते तर थाटमाटातच गेले ना?

जुना_कारकून: थाट होताच, नाही कोण म्हणतो. पण पैसा उभा करणारा कॉर्नेलियस १८७७ मध्ये गेला तेव्हा सुमारे १० कोटी डॉलर होते, मुलगा विल्यमने आठ वर्षांत ते दुप्पट केले. म्हणजे दुसरी पिढी कर्तबगार! पुढे आठ वारस, आणि न्यूपोर्टला समुद्रकाठी उन्हाळ्यापुरतं राहायला ७० खोल्यांचा ‘ब्रेकर्स’ नावाचा वाडा. असलं घर कमावत नाही, नुसतं खातं. १९७२ मध्ये ते एका जतन संस्थेला विकावं लागलं.

प्रश्नकर्ता: मग वाटणीच करू नये का?

जुना_कारकून: अमेरिकेतल्या तेलसम्राट रॉकफेलरचा मुलगा, रॉकफेलर ज्युनिअर, याने १९३४ मध्ये मुलांसाठी ट्रस्ट केले, मुद्दल विश्वस्तांच्या हाती. तसं करता येतं. पण ज्याला दुरुस्तीचं बिल कधी भरावंच लागलं नाही, त्याला छप्पर गळतंय हे कळतं फार उशिरा. मी त्या नातवाला वही वाचायला शिकवली तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता.