खिद्रापूर आणि वीरगळ : एका दिवसात काय बघावं, कसं बघावं?

पेठेतला :
रविवारचा एकच दिवस आहे. निघणार कोल्हापुरातून, गाडी दुचाकी, कॅमेरा म्हणजे फोनच. शिलाहार राजांच्या काळातलं कोरीव काम आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) नीट बघायचेत, खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळातल्या स्वर्गमंडपात सेल्फी काढून परत यायचं नाही. कोपेश्वराला किती वाजता पोचावं? वीरगळावरचे कप्पे खालून वाचायचे की वरून? आणि झिजलेली अक्षरं फोटोत उठतच नाहीत, त्यावर खडू फिरवला तर चालतो का?

कृष्णाकाठ :
सकाळी सहाला निघा. नरसोबावाडी, कुरुंदवाड करत खिद्रापूर साधारण ६० किमी, दोन तास धरा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कृष्णेचं पाणी कुठवर आलंय ते कुरुंदवाडात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, रस्ता पाण्याखाली जातो.

वेळ उन्हावर ठरवा. देऊळ पूर्वाभिमुख. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला सकाळी आठ-नऊला आणि दुपारी चारनंतर ऊन घासून जातं, तेव्हाच मूर्तींचे दागिने सुटे दिसतात. बाराला समोरून ऊन आलं की सगळं सपाट. उत्तरेची भिंत हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहते. तिचं ऊन उन्हाळ्यातल्या सकाळचं.

स्वर्गमंडप उलट दुपारी बघा. ४८ खांब, मधोमध छताला सुमारे १३ फुटांचं गोल उघडं तोंड आणि त्याच्या बरोबर खाली गोल रंगशिळा. ऊन आत उतरतं तेव्हा वर्तुळावरचे वाहनारूढ दिक्पाल उजळतात. फोटोत आभाळ पांढरं फटक आणि खांब काळे येतात, कारण फोन दोन्हीचा मध्य काढतो. बोट खांबावर दाबून फोकस लॉक करा आणि आभाळ चौकटीतून काढून टाका. बाहेर भिंतीवर याच्या उलटं होतं. बेसॉल्ट मुळात काळा, फोन त्याला राखाडी करून टाकतो. तिथे उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा.

पायथ्याचा गजथर (हत्तींची रांग) बसून बघा, उभ्याने त्यातलं अर्धं निसटतं. आणि नंदी शोधत फिरू नका, इथे तो नाहीच. लोक तो यडूरला आहे म्हणतात, ते गाव कर्नाटकात. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा देवनागरी लेख आहे, तो चुकवू नका. गावातलं जैन मंदिरही चालत गाठता येतं.

दगडवाचक :
वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या कप्प्यात पडलेला वीर, त्याच्या वर लढाई, मग अप्सरा त्याला धरून वर नेतात आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला. माथ्यावर कलश, सोबत चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती. खाली गुरांची रांग असेल तर तो गाई सोडवताना पडला असं समजा.

चुका कुठे होतात? एक म्हणजे, तळाचा कप्पा बहुतेक वेळा मातीत नाहीतर पाराच्या सिमेंटमध्ये गेलेला असतो. लढाईच दिसत नसेल तर शिल्प अपुरं नाही, जमिनीत आहे. दुसरी, आपल्या भागात फार होणारी : माथ्यावर लिंगाऐवजी पद्मासनातला जिन (तीर्थंकर) असेल आणि खाली लढाई नसेल, तर ती जैन निषिधी, सल्लेखनेची (उपास करून पत्करलेल्या मरणाची) आठवण. तिला वीरगळ म्हणू नका. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात म्हणजे सतीशिळा. गधेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप कोरलेले दगड) मात्र मुख्यतः कोकणातल्या शिलाहारांकडचे, इथे त्यांची आशा कमी धरा.

आणि कपडे-शस्त्रं बघून शतक सांगू नका, राव. बहुतेक वीरगळांवर लेखच नसतो. फोटोखाली ठामपणे ‘दहावं शतक’ लिहिणारे कशावरून लिहितात, देव जाणे.

खिद्रापूरहून परतताना कोल्हापूरच्या टाऊन हॉलचं म्युझियम बघा (सोमवारी बंद असतं, रविवार चालेल) आणि चारनंतर पश्चिमेला कसबा बीड गाठा. देवळाच्या आसपास वीरगळ आहेत, उतरत्या उन्हात बघायला मिळतील.

तिरपा_उजेड :
खडू नको. हळद, पीठ, तेल, काहीच नको. खडूची पूड दगडाच्या छिद्रांत बसते ती निघत नाही, पण खरं नुकसान वेगळं आहे. आपल्याला जशी वाटली तशी रेघ आपण भरतो आणि पुढचा माणूस अक्षर न वाचता खडूच वाचतो. पाणी मारणंही टाळा. शेंदराचे थर खरवडायचे नाहीतच, देव म्हणून पूजा चालू असते आणि खाली काय उखडेल सांगता येत नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

करायचं असं : सोबत काळी छत्री आणि टॉर्च. एकाने छत्रीने दगडावर सावली धरायची, दुसऱ्याने टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, १०-१५ अंशांत, बाजूने मारायचा. फोन सरळ समोर, दीड मीटरवर, दुप्पट झूम. जवळून साध्या लेन्सने काढलात तर कडा फुगतात. फोन हलवू नका, टॉर्च फिरवा : डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, असे चार फोटो. एका दिशेच्या उजेडात त्याच दिशेने जाणारी रेघ बुडते, म्हणून चार. कडेला १५ सेंमीची पट्टी धरायला विसरू नका. ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते.

पेठेतला :
समजलं दादा, खडू घरीच. कोल्हापुरात शिलाहारांचा लेख दिसला तर तो देवनागरीतच असेल ना?

तिरपा_उजेड :
तिथेच लोक अडकतात. अक्षरं गोलसर, वर शिरोरेघ नाही, असं दिसलं तर ती बहुधा हळेकन्नड (जुनी कन्नड) लिपी. भाषा मात्र संस्कृत असू शकते. शुक्रवार वेशीजवळच्या जैन मंदिरातला विजयादित्याचा शके १०६५ चा लेख आणि कागलजवळ बामणीचा शके १०७३ चा लेख, दोन्ही असेच : लिपी कन्नड, भाषा संस्कृत. शकात ७८ मिळवलेत की साधारणपणे इसवी सन. महिना पौष-माघाकडचा असेल तर ७९ मिळवा. या दोन लेखांत मात्र चालू वर्ष मोजलंय, म्हणून एक कमी करा : पहिला माघातला, म्हणून ११४३, आणि दुसरा ११५०.