मदत हवी आहे : व्यायाम न करणाऱ्यांच्या स्नायूबलात जनुकांचा वाटा किती?

बैठी जीवनशैली असलेल्या प्रौढांच्या स्नायूबलात जनुकीय फरकांचा वाटा किती असतो, हे मला समजून घ्यायचे आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत हाताच्या पकडीच्या ताकदीतील साधारण निम्मा फरक आनुवंशिक असल्याचे आढळते. परंतु त्यांत कष्टकरी आणि बैठे लोक बहुधा एकत्रच मोजलेले असतात. एसीटीएन३ जनुकाविषयी वाचले आहे : त्याच्या दोन्ही प्रतींत आर५७७एक्स हा बदल असल्यास जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन तयारच होत नाही. मात्र ही सारी चर्चा धावपटूंभोवतीच फिरते. (जनुकचाचणी विकणाऱ्यांची माहितीपत्रके कृपया सुचवू नयेत.) वय, लिंग आणि शरीराचे आकारमान यांचा प्रभाव वगळून, तसेच हालचाल प्रश्नावलीऐवजी मनगटावरील यंत्राने मोजून, केवळ निष्क्रिय गटात या जनुकाचा परिणाम कोणी तपासला आहे का, आणि तो तेथे टिकतो का?