माकोंदोची पाटी

'कादंबरी लिहून झाल्यावर लेखक तिच्यातल्या गावी गेला तर त्याच्या हाती निराशाच येणार' असं एक मत वाचलं, ते मला अर्धंच पटलं. कोलंबियन कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझचं उलटं झालं. तो आधी गेला, कादंबरी नंतर आली.

कोलंबियातल्या आराकाताका या गावातलं आजी-आजोबांचं जुनं घर विकायचं म्हणून आई त्याला सोबत घेऊन गेली. तेव्हा तो विशीत होता, खिशात पैसे नव्हते. आधी लाँच, मग आगगाडी. वाटेत केळीच्या एका मळ्याच्या फाटकावर नाव दिसलं: माकोंदो. लहानपणापासून पाहिलेलंच, पण यावेळी त्यातला नाद कानात राहिला. पुढे भर दुपारचं सुनसान गाव, आणि जुनी मैत्रीण भेटताच तिच्या गळ्यात पडून रडणारी आई. घर काही विकलं गेलं नाही. आत्मचरित्राची सुरुवात त्याने याच प्रवासाने केलीय, यातच काय ते आलं. 'शंभर वर्षांचा एकांत' ही माकोंदो नावाच्या काल्पनिक गावाची कादंबरी मात्र थेट 1967 साली आली.

पुढची गंमत आराकाताकाची. 2006 मध्ये गावाच्या नावाला 'माकोंदो' जोडायचं का यावर तिथे मतदान झालं. आलेल्यांचा कौल बाजूने होता, पण पुरेसे लोक मतदानाला फिरकलेच नाहीत, म्हणून प्रस्ताव बारगळला. (मला हे फारच आवडलं!) वर्षभराने, 2007 मध्ये, ऐंशी वर्षांचा मार्केझ आगगाडीने तिथे आला, तर स्वागताला ही गर्दी! लेखकासाठी जमले, नावासाठी नाही.