सीएंकडून केवळ विवरणपत्रे न भरून घेता वर्षभर सल्ला कसा घ्यावा?

प्रश्न : मशीन शॉपचालक, शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर

नमस्कार. फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे (धातूच्या ओतीव भागांचे) मशिनिंग करून देण्याचा माझा व्यवसाय असून वार्षिक उलाढाल साडेतीन कोटींच्या आसपास आहे. दर महिन्याला खरेदी-विक्रीची बिले आणि बँकेचे उतारे पिशवीत भरून मी सीएंच्या कार्यालयात पोहोचवतो, तेथील कर्मचारी जीएसटीची विवरणपत्रे भरतात आणि वर्ष संपल्यावर आयकराचा आकडा मला कळवला जातो. गेल्या वर्षी मी नवीन व्हीएमसी (धातू कापणारे संगणक-नियंत्रित यंत्र) घेतली. यंत्र सप्टेंबरात आले, पण पायाचे काम आणि वीजजोडणी लांबल्यामुळे ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाले, आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत वापराचे १८० दिवस न भरल्याने त्या वर्षी घसारा (यंत्राच्या झिजेपोटी आयकरात मिळणारी वजावट) निम्म्याच दराने मिळाला. आधी माहीत असते, तर मी पायाचे काम ऑगस्टमध्येच उरकून घेतले असते. सीएंनी कायद्यानुसार काम केले, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु असा सल्ला वेळेवर मिळावा यासाठी माझ्याकडून काय व्हायला हवे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : पॅकिंग यंत्रांचे उत्पादक, सांगली

आपल्या प्रश्नाचे मूळ मला त्या पिशवीत दिसते. सीएंच्या कार्यालयाचा वेळ बिले लावण्यात आणि नोंदी करण्यात गेला, तर विचार करण्यासाठी तो उरत नाही. मी आठवड्यातून तीन दिवस येणारे हिशेबनीस नेमले. ते टॅलीत नोंदी करतात, बँकेशी मेळ घालतात आणि ग्राहकांनी आपल्या बिलातून कापलेला आयकर (टीडीएस) आयकर पोर्टलवरील कर-उताऱ्यात दिसतो की नाही, हेही पाहतात. मशिनिंगसारख्या जॉबवर्कमध्ये ही रक्कम लहान लहान तुकड्यांनी राहून जाते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते. तिच्याशी खरेदी ताडून पाहिल्यावर ज्या पुरवठादाराचे बिल तिथे दिसत नाही, त्याला त्याच दिवशी फोन जातो, कारण त्याने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवल्याशिवाय आपल्याला त्यावरील कराची वजावट घेता येत नाही.

सीएंना मी वर्षातून चार वेळा एकेक तास भेटतो, आणि तेही आगाऊ कराच्या (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायच्या आयकराच्या) तारखांच्या आठवडाभर आधी, म्हणजे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च यांच्या अलीकडे. त्या दिवसापर्यंतचा नफा, येणे-देण्याची यादी आणि पुढील सहा महिन्यांत काय खरेदी करायचे किंवा कोणते कर्ज काढायचे आहे, याचा एक कागद मी बरोबर नेतो. आपल्या व्हीएमसीचा विषय जूनच्या भेटीतच निघाला असता.

उत्तर २ : सनदी लेखापाल, पुणे

मेजाच्या पलीकडून लिहितो. ग्राहकाच्या मनात काय चालले आहे, हे आम्हाला त्याने सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि व्यवहार होऊन गेल्यावर आम्ही केवळ त्याची नोंद करू शकतो. एखाद्या व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख देऊन केलेला खर्च अमान्य होतो. नातेवाइकाकडून २०,००० रुपये किंवा अधिक रोखीने उसने घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हे दोन्ही प्रसंग एका फोनने टळतात, म्हणून तो फोन करताना संकोच बाळगू नये.

आपल्या व्यवसायात मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ग्राहकांच्या थकबाकीचा प्रश्न. आपले बिल निघाले की जीएसटी भरावा लागतो, पैसे मात्र तीन महिन्यांनी येतात. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसल्यास ती आधी करावी आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. ही मुदत उलटून रक्कम ३१ मार्चला थकलेली असेल, तर ग्राहकाला ती त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच ती वजावट मिळते. आपल्या सीएंकडून फेब्रुवारीत अशा थकबाकीची यादी तयार करून घ्यावी आणि ती ग्राहकांच्या लेखा विभागाला नम्रपणे पाठवावी. हे काम विवरणपत्र भरण्याच्या शुल्कात बहुधा येत नाही, त्यामुळे त्याचे वेगळे शुल्क आधी ठरवून घ्यावे.

उत्तर ३ : छपाई व्यावसायिक, नाशिक

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. माझ्या जीएसटी खात्यावर माझ्या आधीच्या लेखापालांचा मोबाइल आणि ईमेल होता. पोर्टलवर नोटीस आली, उत्तर गेले नाही आणि आदेश निघाल्याचे मला बँक खात्यावर टाच आल्यावर समजले. अपिलाची तीन महिन्यांची मुदत तोवर उलटत आली होती. जीएसटी आणि आयकर या दोन्ही पोर्टलवर मोबाइल क्रमांक व ईमेल आपलाच ठेवावा, पासवर्ड स्वतःजवळ असावा, आणि महिन्यातून एकदा स्वतः लॉग-इन करून नोटिसांचा विभाग उघडून पाहावा.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. आजच पाहिले, तर जीएसटी खात्यावर मोबाइल माझा असला तरी ईमेल सीएंच्या कार्यालयाचा निघाला. सीएंशी इतकी वर्षे घरोबा असल्यामुळे शुल्काचा विषय काढणे अवघड वाटते. तो कसा मांडावा?

उत्तर २ : सनदी लेखापाल, पुणे

घरोबा असेल, तर ते अधिक सोपे जाईल. सध्याच्या शुल्कात कोणती कामे येतात, हे त्यांना लेखी मागावे, आणि वर्षातून चार बैठका व थकबाकीची यादी यांसाठी किती आकार पडेल, ते विचारावे. पुढचे यंत्र घेण्याचा विचार असल्यास पहिल्या बैठकीला पुरवठादाराचे कोटेशन आणि बँकेच्या कर्जाच्या अटी बरोबर न्याव्यात.

मूळ प्रश्नकर्ता

दुसरी व्हीएमसी घेण्याचा विचार आहेच. कोटेशन आले आहे. या आठवड्यातच त्यांची वेळ मागतो.