अभिलेख, दस्तऐवज, दप्तर की नुसती ‘फाइल’?

ग्रंथपाल, वडसा
आमच्या महाविद्यालयात संगणकावरच्या कागदपत्रांसाठी नियमावली करायचं काम माझ्याकडे आलं आहे. इंग्रजी मसुदा हातात आहे, तो मराठीत हवा. पहिल्याच पानावर अडले. रेकॉर्ड, डॉक्युमेंट, फाइल, आर्काइव्ह आणि बॅकअप असे पाच शब्द तिथे वेगवेगळ्या अर्थांनी आलेत, आणि आमच्याकडे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे पाचही गोष्टींना ‘फाइल’च म्हणतात. मी रेकॉर्डला ‘अभिलेख’ आणि डॉक्युमेंटला ‘दस्तऐवज’ लिहिलं. मुख्य लिपिक म्हणाले, दोन्ही एकच, उगाच घोळ कशाला? खरंच एकच आहेत का? आणि आर्काइव्हला ‘संग्रह’ चालेल का?

निवृत्त अव्वल कारकून, साकोली
एक नाहीत मॅडम. दस्तऐवज या शब्दाला मराठीत कायद्याचं वजन आहे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र हे दस्तऐवज. दुय्यम निबंधकाकडे नोंदतो तो दस्त. हजेरीपटाला किंवा बैठकीच्या सूचनेला कोणी दस्तऐवज म्हणत नाही. तुमच्या मसुद्यातल्या डॉक्युमेंटला सरळ ‘कागदपत्र’ म्हणा, संगणकावर असलं तरी. लोकांना कळतं.

अभिलेख म्हणजे काम होताना तयार झालेला आणि त्या कामाचा पुरावा म्हणून ठेवलेला कागद. प्रवेश अर्जाचा कोरा नमुना हा कागद. तो भरला, सही झाली, आवक क्रमांक पडला की अभिलेख. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने तयार केलेलं साहित्यही धरलं आहे. त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की सगळे अभिलेख सूचीसह, क्रमवार लावून ठेवायचे. नुसते ठेवून भागत नाही.

आता थोडं लांबण लावतो. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये निम्मी गर्दी जातपडताळणीवाल्यांची. आजोबांचा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातला उतारा नाहीतर कोतवाल बुकातली जन्माची नोंद पाहिजे असायची, आणि तीही ठरावीक तारखेच्या आधीची: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्या गुरुजींनी ते रजिस्टर भरलं त्यांना पुढे नातवाची नोकरी यावर ठरेल हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी आपलं रोजचं काम केलं, म्हणूनच त्या नोंदीवर विश्वास बसतो. शिवाय नोंद एकटी नसते. तिच्या वर एक नाव, खाली एक नाव, डावीकडे अनुक्रमांक. मधेच कोणी नाव घुसडलं तर शाई, अक्षर आणि क्रमांक तिन्ही बोंब मारतात. त्या रजिस्टराच्या एका पानाचा मोबाइलवर फोटो काढला की ते चित्र झालं. अभिलेख अजून त्या रजिस्टरातच आहे. नियमावलीत ‘स्कॅन प्रत’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक अभिलेख’ हे दोन शब्द वेगळे ठेवा, ही माझी विनंती. जे संगणकावरच जन्मलं, म्हणजे ऑनलाइन प्रवेश, ईमेल, निकालाची नोंद, ते इलेक्ट्रॉनिक अभिलेख. रजिस्टरावरून काढली ती स्कॅन प्रत. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत घालायचा हक्क कोणाला मिळत नाही.

संगणकवाला, अंजनगाव
काका, एकदम बराबर. मॅडम, आर्काइव्ह म्हंजे कायम ठेवायचे अभिलेख जपायची जागा, त्याले ‘संग्रह’ नका म्हनू. संग्रह माह्या मावशीजवळ जुन्या लुगड्यायचा बी हाय.

आन् बॅकअपले तं आर्काइव्ह चुकूनबी म्हनू नका. बॅकअप म्हंजे मशीन बसली तं काम पुन्हा चालू व्हावं म्हनून काढलेली प्रत. पुढच्या हप्त्यात तिच्यावर नवी प्रत चढते, जुनी जाते. कोनी चूक फाइल टाकली तं बॅकअपमधी बी तेच चूक जाते, मोठ्या इमानदारीनं! बॅकअपले ‘सुरक्षा प्रत’ म्हना, नाई तं बॅकअपच राहू द्या, सगळ्यायले समजते.

भाषाशिक्षिका, वरुड
‘अभिलेख’ शब्दाचा एक जुना अर्थ इथे नोंदवते. इतिहासाचे अभ्यासक शिलालेख-ताम्रपटांनाही अभिलेख म्हणतात. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. एक हजार ब्राह्मणांना ते गाव दान दिल्याची ती नोंद आहे, आणि दान कोणत्या अटींवर टिकेल तेही त्यात कोरलंय: राज्याशी द्रोह, चोरी वगैरे केलं तर दान परत. असे पत्रे कडीत ओवून त्याला राजमुद्रा जोडत. मधला पत्रा बदलायचा तर मुद्रेला हात लावावाच लागणार. त्यामुळे ‘पुरावा म्हणून राखलेलं लेखन’ हा अर्थ या शब्दाला नवा चिकटवलेला नाही.

आर्काइव्हसाठी शासनाचा शब्द ‘पुराभिलेखागार’ आहे. मुंबईचा दप्तरखाना १८२१ सालचा, त्याचंच पुढे पुराभिलेख संचालनालय झालं. नागपूरला त्याची शाखा आहे. केंद्राचं मात्र ‘राष्ट्रीय अभिलेखागार’, ‘पुरा’ नाही. मला विचाराल तर तालुक्याच्या महाविद्यालयाला पुराभिलेखागार हा शब्द अंगाला मोठा होतो. ‘अभिलेखागार’ पुरे.

‘दप्तर’ सोडून देऊ नका मात्र. फारसीतून आला, त्याच्या मागे ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कातडं. कातड्यावर लिहायचे म्हणून. (डिप्थेरिया या रोगाचं नावही त्याच शब्दावरून, घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून.) आज पोरांच्या पाठीवर जे असतं ते दप्तर, आणि पेशवे दप्तर म्हणतो तेही दप्तर. रोजच्या वापरातल्या, अजून चालू असलेल्या नोंदींना ‘चालू दप्तर’ इतका नेमका शब्द दुसरा नाही.

ग्रंथपाल, वडसा
‘दप्तरी दाखल’ असा शेरा जुन्या पत्रांवर दिसतो. म्हणजे प्रकरण अभिलेखागारात गेलं असं समजायचं का?

निवृत्त अव्वल कारकून, साकोली
नाही. दप्तरी दाखल म्हणजे यावर आता काही करायचं नाही, ठेवून द्या. बोलताना त्याचा अर्थ ‘गुंडाळलं’ असाही होतो, आणि तो काही वेळा खराही असतो.

अभिलेख कक्षात जाण्याची पायरी वेगळी. आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत. प्रलंबित, प्रतीक्षेतली, नियतकालिकं (म्हणजे ठरावीक काळाने पाठवायची विवरणं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नाश करायची. प्रकरण संपलं की त्याला वर्ग पडायचा. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे ३० वर्षं, ‘क’ त्याहून कमी, ‘ड’ म्हणजे थोड्या दिवसांचा पाहुणा. वर्ग ज्या दिवशी प्रकरण बंद झालं त्याच दिवशी टाकायचा. नंतर टाकू म्हटलं की ते कधीच होत नाही.

संगणकावर हेच बिघडतं. जागा स्वस्त म्हणून सगळंच ठेवतात, वर्ग कोणी टाकत नाही, आणि जागा भरली की एखादा नवा माणूस सगळंच उडवतो. मसुद्यात ‘रिटेन्शन’ असेल त्याला ‘जतन कालावधी’ लिहा आणि प्रत्येक प्रकारापुढे वर्ग लिहा. गुणपत्रक-नोंदवही आणि चहाच्या बिलाला एकच कालावधी देणारी नियमावली मी पाहिली आहे. कुठली ते सांगत नाही.

संगणकवाला, अंजनगाव
मेटाडेटाले काय लिहिलं मॅडम? कोनी ‘अधिविदा’ लिहितात. वाचनाऱ्याले वाटते एखादी बाई हाय.

ग्रंथपाल, वडसा
‘अधिविदा’च लिहिलं होतं. खोडते.

निवृत्त अव्वल कारकून, साकोली
कोर्टात कागदांसोबत ‘फेरिस्त’ लावतात. कोणता कागद, कोणत्या तारखेचा, किती पानं. मेटाडेटाचा निम्मा अर्थ त्यात येतो.

भाषाशिक्षिका, वरुड
निम्माच येतो काका. फेरिस्त ही गठ्ठ्यावरची यादी. मेटाडेटा कागदागणिक असतो आणि त्यात कोणी तयार केला, केव्हा बदलला, कोणी पाठवला हेही असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ७ मध्ये नेमकं हेच मागितलं आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपायचा तर तो पुढे उघडून वापरता आला पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती तंतोतंत दाखवणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे, आणि तो कुठून निघाला, कुठे गेला, कोणत्या तारखेला-वेळेला, हा तपशील सोबत राहिला पाहिजे. मी ‘नोंद-तपशील’ म्हणेन. फेरिस्त हा शब्द सूचीसाठी राखून ठेवा, फार देखणा आहे.

संगणकवाला, अंजनगाव
‘नोंद-तपशील’ चालते. आता ‘पुढे उघडून वापरता आला पाहिजे’ यावर माही कहानी आयका. एका संस्थेत गेलो होतो, नाव सांगत नाई. पंधरा-वीस सालाआधीचे ठराव टाइप केलेले, फाइली साबूत, उघडल्या बी. आन् पडद्यावर काय? निरा इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात मराठी अक्षर दिसते, पन आतमधी इंग्रजी अक्षराचा नंबर असते. फॉन्ट गेला का मराठी गेली. युनिकोडमधी ‘क’ हा सगळीकडं ‘क’च राहते. म्हनून जुन्या ठरावायचं युनिकोडात रूपांतर करा, मंग कागदाच्या प्रतीसंग एक-एक वळ ताडून पाहा, कारन जोडाक्षरं आन् रफार हमखास फुटते. आन् कायम ठेवायच्या फाइली पीडीएफ-ए मधी ठेवा. आयएसओ १९००५ हे त्याचं मानक हाय, त्यात फॉन्ट फाइलच्या पोटातच राहते.

नाव देताना ‘स्कॅन००१’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ हे बंद करा. साल, विभाग, आवक क्रमांक. बस्.

ग्रामसभा कार्यकर्ता, कुरखेडा
मी भाषेतला माणूस नाही, पण एक शब्द सांगावासा वाटतो. आमच्याकडे ‘ऑनलाइन’ हे आता नाम झालं आहे. “ऑनलाइन काढून आण”, “तुझं ऑनलाइन नाही.” वनहक्काच्या सामूहिक दाव्यासाठी निस्तार पत्रकाची नक्कल मागायला गेलो, तर टेबलावरचा पोरगा म्हणतो, सिस्टिममध्ये दिसत नाही, म्हणजे नाही. अरे बाबा, सरपण, बांबू, गाईगुरांची चराई गावाला कुठल्या जंगलातून, याची ती नोंद आहे. जमीन महसूल अधिनियमात कलम १६१ निस्तार पत्रकाचं आहे, १६५ वाजिब-उल-अर्जाचं, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांच्या नोंदीचं. तुझ्या सिस्टिमच्या जन्माआधीचं आहे ते. शेवटी शिपाईमामांनी मागच्या खोलीतला कागदांचा बस्ता सोडला, त्यात निघालं.

‘ऑनलाइन नाही’ आणि ‘अभिलेखात नाही’ या दोन वाक्यांचा अर्थ वेगळा आहे, एवढं तरी नियमावलीत येऊ द्या.

निवृत्त अव्वल कारकून, साकोली
शंभर टक्के. आणि ‘उपलब्ध नाही’ हे तिसरं. सापडत नाही, नाश केला आणि कधी नव्हताच, या तिन्हींना आम्ही एकाच ‘उपलब्ध नाही’ मध्ये बसवतो. माहितीच्या अधिकाराच्या उत्तरांत हा शब्द सगळ्यात जास्त झिजला असेल. सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्यात नियमाबाहेर नाश करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केंद्राच्या १९९३ च्या कायद्यात तर १८९२ पूर्वीचा अभिलेख, तो पार खराब होऊन निरुपयोगी झाल्याशिवाय, नष्टच करता येत नाही.

ग्रंथपाल, वडसा
सगळ्यांचे आभार. कलम असं केलंय, बघा:

“महाविद्यालयाच्या कामकाजात तयार झालेले किंवा प्राप्त झालेले आणि त्या कामकाजाचा पुरावा म्हणून राखलेले कागदपत्र, मग ते कागदावर असो वा संगणकावर, म्हणजे अभिलेख. मूळ कागदाची स्कॅन प्रत ही मूळ अभिलेखाची जागा घेणार नाही. प्रकरण बंद होईल त्या दिवशी अभिलेखाला वर्ग व जतन कालावधी देण्यात येईल. कालावधी संपलेले अभिलेख डिलीट करण्यात येतील.”

निवृत्त अव्वल कारकून, साकोली
शेवटचं वाक्य बदला. डिलीट हे बटण झालं, कार्यवाही नाही झाली. “समितीच्या मंजुरीने नष्ट करण्यात येतील व नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी ‘अ’ वर्गात ठेवण्यात येईल.” यादी राहिली तर ‘नाश केला’ असं छातीठोक सांगता येतं.

संगणकवाला, अंजनगाव
आन् बॅकअपमधून बी काढा म्हनून लिहा. नाई तं इकडं समितीची सही, आन् तिकडं हार्डडिस्कमधी माल जिवंत.

भाषाशिक्षिका, वरुड
“कागदावर असो वा” नाही, “असोत वा”. कागदपत्र अनेकवचनी घेतलेत तुम्ही.

ग्रंथपाल, वडसा
तिन्ही केलं. उद्या प्राचार्यांपुढे ठेवते. मुख्य लिपिकांनी ‘फेरिस्त’ शब्द पाहून विचारलं, हे उर्दू कुठून आणलं? त्यांच्याच कपाटातल्या जुन्या कोर्टप्रकरणाचं पहिलं पान दाखवलं.