मदत हवी आहे: नवीन व्हीपीसी अंधेरीहून दिसते, भिवंडीहून दिसत नाही (एडब्ल्यूएस, ट्रान्झिट गेटवे)

चौथी सीट

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा डोकं लावा, माझं चालेनासं झालंय.

कंपनी छोटी. ऑफिस अंधेरीला मरोळमध्ये, गोदाम भिवंडीला. सर्व्हर सगळे एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये. जुनी व्हीपीसी (क्लाउडमधलं आपलं खासगी नेटवर्क) १०.२०.०.०/१६, तिच्यात अकाउंट्स आणि जुनं स्टॉकचं सॉफ्टवेअर. आता डिस्पॅचसाठी नवीन अ‍ॅप आलंय, त्याला वेगळी व्हीपीसी दिली, १०.३०.०.०/१६. दोन्ही व्हीपीसी एका ट्रान्झिट गेटवेला (सगळी नेटवर्क जोडणारा मधला राउटर) जोडलेल्या. अंधेरी आणि भिवंडी, दोन्हीकडचे साइट-टू-साइट व्हीपीएनसुद्धा (जागेपासून क्लाउडपर्यंतचे सुरक्षित टनेल) त्याच ट्रान्झिट गेटवेवर येतात.

अंधेरीचं लॅन १९२.१६८.१०.०/२४. भिवंडीचं १७२.१७.२०.०/२४ (माझ्या आधीच्या माणसाने ठेवलंय, का ते देव जाणे).

आता गंमत बघा. जुनी व्हीपीसी दोन्हीकडून चालते. नवीन व्हीपीसी अंधेरीहून मस्त चालते. भिवंडीहून नवीन अ‍ॅपचं पानच उघडत नाही, पिंगसुद्धा नाही. टनेल अप आहेत. नवीन व्हीपीसीच्या प्रायव्हेट सबनेटच्या रूट टेबलमध्ये दोन्ही लॅनचे रूट ट्रान्झिट गेटवेकडे दिलेत, बाकी ०.०.०.०/० नॅट गेटवेकडे. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरची फायरवॉल) दोन्ही रेंज आहेत, पिंगसाठी आयसीएमपीसुद्धा.

गोदामातली पोरं हातात स्कॅनर घेऊन बसलीत आणि गेटपास हाताने लिहून गाड्या सोडतायत. मॅनेजरसाहेबांचे फोन येतायत, ते वेगळंच. काय राहिलंय?

घाटकोपर फास्ट

व्हीपीसी पीअरिंग (दोन व्हीपीसी थेट जोडणं) ट्रान्झिटिव्ह नसतं हो. अ आणि ब जोडलेत, ब आणि क जोडलेत, म्हणून अ मधून क ला जाता येत नाही. भिवंडीचं ट्रॅफिक जुन्या व्हीपीसीतून नवीनमध्ये जाणारच नाही. ट्रान्झिट गेटवे घ्या.

चौथी सीट

दादा, ट्रान्झिट गेटवेच आहे. शीर्षकातच लिहिलंय. 🙏

घाटकोपर फास्ट

अरे हो. लोकलमध्ये उभ्याने वाचलं की असं होतं. मग ट्रान्झिट गेटवेचं स्वतःचं रूट टेबल बघा. त्यात असोसिएशन वेगळं आणि प्रोपगेशन वेगळं. अटॅचमेंट कुठलं टेबल वापरतं ते असोसिएशन. त्या अटॅचमेंटचे रूट कुठल्या टेबलात जातात ते प्रोपगेशन. एकच केलं की जाणारा रस्ता असतो, येणारा नसतो.

चौथी सीट

बघितलं. चारही अटॅचमेंट एकाच डिफॉल्ट टेबलला असोसिएट आहेत. १०.२०, १०.३०, १९२.१६८.१० आणि १७२.१७.२० चारही रूट तिथे अ‍ॅक्टिव्ह दिसतायत.

जुना जोगी

नेटवर्क एसीएल (सबनेटची फायरवॉल) बघा. सिक्युरिटी ग्रुप स्टेटफुल असतो, आत आलेल्याचं उत्तर आपोआप बाहेर जाऊ देतो. एसीएल स्टेटलेस. परतीचं ट्रॅफिक १०२४ ते ६५५३५ मधल्या पोर्टवर जातं, ते आउटबाउंडमध्ये वेगळं अलाऊ करावं लागतं. लोक इथे हमखास अडकतात.

आणखी एक. व्हीपीसी अटॅच करताना प्रत्येक अव्हेलेबिलिटी झोनमधला (झोन म्हणजे रीजनमधला डेटा सेंटरचा वेगळा गट) एक सबनेट द्यावा लागतो. ज्या झोनचा दिला नाही, तिथल्या सर्व्हरना ट्रान्झिट गेटवे मिळत नाही. तासाचं भाडं अटॅचमेंटमागे आहे, सबनेटमागे नाही, तेव्हा कंजूषी करू नका.

चौथी सीट

एसीएल डिफॉल्ट आहे, सगळं अलाऊ. झोनचंही तपासलं, सर्व्हर ज्या झोनमध्ये आहे तिथला सबनेट दिलेला आहे. आणि जोगीसाहेब, यातलं काही चुकलं असतं तर अंधेरीहून तरी कसं चाललं असतं? तोच सर्व्हर, तोच सबनेट, तेच रूट टेबल.

पार्लेकरीण

हा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, तोच धरून चला. आता कन्सोलमध्ये पुन्हा पुन्हा तेच बघण्यापेक्षा पॅकेट कुठपर्यंत येतं ते बघा. सांगा मला:

नवीन सर्व्हरच्या नेटवर्क इंटरफेसवर फ्लो लॉग (ट्रॅफिकच्या नोंदी) लावलेत का? भिवंडीच्या एका स्कॅनरच्या आयपीवरून येणारी नोंद दिसते का, आणि उलट दिशेची दिसते का?

त्याच सबनेटमध्ये दुसरं एखादं साधं मशीन आहे का? तेच सिक्युरिटी ग्रुप लावून भिवंडीहून त्याला पिंग करा.

आणि नवीन अ‍ॅप डॉकरवर (अॅप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं का?

चौथी सीट

ताई, जेवून आल्यावर बसलो यावर.

स्कॅनरचा आयपी १७२.१७.२०.४५. फ्लो लॉगमध्ये त्याच्याकडून ४४३ वर येणारं ट्रॅफिक अ‍ॅक्सेप्ट दाखवतंय. उलट दिशेची एकही नोंद नाही. सर्व्हरवर टीसीपीडंप (पॅकेट दाखवणारं टूल) लावला तर ईएनएस५ वर (सर्व्हरचा नेटवर्क इंटरफेस) सिन, म्हणजे जोडणीची पहिली विनंती, येतंय, परत सिन येतंय, आणखी एक सिन. उत्तर शून्य.

त्याच सबनेटमध्ये एक छोटं इन्स्टन्स उभं केलं, कोरं लिनक्स. भिवंडीहून पिंग झालं! पहिल्या फटक्यात.

आणि हो, अ‍ॅप डॉकर कंपोझवर (अनेक कंटेनर एकत्र चालवायचं टूल) आहे. पण अ‍ॅप तर अंधेरीहून चालतंय ना, डॉकरचा इथे काय संबंध?

पार्लेकरीण

संबंध तोच आहे. 😄 तुमचं एडब्ल्यूएसचं राउटिंग बरोबर आहे, त्याला हात लावू नका. रूट टेबल दोन असतात: एक व्हीपीसीचं, जे तुम्ही कन्सोलमध्ये बघताय, आणि एक सर्व्हरच्या आत लिनक्सचं. पॅकेट व्हीपीसीत पोचण्याआधी लिनक्सचं टेबल ठरवतं की ते कुठल्या इंटरफेसवरून बाहेर काढायचं.

डॉकर बसवला की तो डॉकर० नावाचा ब्रिज (सर्व्हरच्या आतलं कंटेनरांचं नेटवर्क) करतो आणि त्याला सहसा १७२.१७.०.०/१६ देऊन टाकतो. तुमचं भिवंडीचं १७२.१७.२०.०/२४ अख्खं त्याच्या पोटात. तेव्हा ४५ नंबरच्या स्कॅनरला उत्तर द्यायची वेळ आली की लिनक्सला वाटतं, हा पत्ता आपल्याच चाळीतला. मग ते पोस्टात टाकायच्याऐवजी शेजारच्या खोलीत सरकवतो. तिथे कोणीच राहत नाही. अंधेरीचं १९२.१६८.१० त्यात येत नाही म्हणून ते डिफॉल्ट रूटने नीट बाहेर पडतं. जुन्या व्हीपीसीत डॉकर नसणार, म्हणून तिकडे सुखात.

सर्व्हरवर ही कमांड द्या: आयपी रूट गेट १७२.१७.२०.४५. उत्तरात डॉकर० आलं तर निकाल लागला.

चौथी सीट

"१७२.१७.२०.४५ डेव्ह डॉकर० सोर्स १७२.१७.०.१".

मी दोन्ही बाजूंनी ट्रान्झिट गेटवे कुरतडत बसलो होतो. आता आधी गोदाम सुरू कसं करू ते सांगा, बाकी नंतर.

पार्लेकरीण

तात्पुरतं: लिनक्समध्ये १७२.१७.२०.०/२४ साठी वेगळा रूट टाका, ईएनएस५ वरून, सबनेटच्या राउटरकडे. व्हीपीसीत राउटर म्हणजे सबनेटच्या पहिल्या आकड्यात एक मिळवायचा. सबनेट १०.३०.१.० असेल तर १०.३०.१.१. लांब प्रीफिक्स (स्लॅशनंतरचा आकडा मोठा, म्हणजे रूट जास्त नेमका) जिंकतो, २४ पुढे १६ हरणार. रीबूट झालं की हा रूट जाईल, एवढं लक्षात ठेवा.

जुना जोगी

एक खोच. कंपोझने बहुधा १७२.१८ वगैरे स्वतःचं नेटवर्क केलं असेल, मग हे चालेल. पण एखादा कंटेनर साध्या डॉकर रनने डिफॉल्ट ब्रिजवर असेल तर त्याच्या आतूनच १७२.१७ घरचं वाटणार. त्याला होस्टवरच्या रूटचा उपयोग नाही.

(डॉकरचं लक्षात आलं नाही, हे खरं. पार्लेकरीणबाईंना मानलं.)

चौथी सीट

रूट टाकला. गोदामातून फोन आला, "साहेब, लाल पट्टी गेली, स्कॅन होतंय." सगळं कंपोझवरच आहे, त्यामुळे जोगीसाहेबांची खोच लागू झाली नाही.

आता कायमचं काय करू? भिवंडीचं लॅनच बदलून टाकू का?

घाटकोपर फास्ट

बदला. मूळ दुखणं तेच आहे. आज डॉकरने पकडलं, उद्या दुसरं काहीतरी पकडेल. एडब्ल्यूएसच्या काही सेवासुद्धा आतून १७२.१७ वापरतात.

पार्लेकरीण

बदलायला हवंच, पण आज नाही. गोदामात प्रिंटर, कॅमेरे, स्कॅनर सगळ्यांना हाताने आयपी दिलेले असतात आणि त्याची यादी कोणाकडेच नसते. ते एका रविवारी स्टॉकटेकिंगला गोदाम बंद असेल तेव्हा करा.

आज रात्री डॉकर बदला. ईटीसीच्या डॉकर फोल्डरमध्ये डीमन डॉट जेसन फाइल असते. तिच्यात बीआयपी (डॉकर० चा पत्ता) १०.२००.०.१/२४ द्या आणि डिफॉल्ट अ‍ॅड्रेस पूल्समध्ये (बाकीच्या डॉकर नेटवर्कसाठी पत्त्यांचा साठा) १०.२०१.०.०/१६, साइझ २४. हे दोन्ही तुमच्या कुठल्याच नेटवर्कवर चढत नाहीत. मग डॉकर रीस्टार्ट. कंपोझची आधीची नेटवर्क मात्र जुन्याच आकड्यांवर राहतात, म्हणून कंपोझ डाउन करून परत अप करावं लागेल. काही मिनिटं अ‍ॅप बंद राहील, गोदामाला सांगून ठेवा.

नुसतं बीआयपी बदलून थांबू नका. पूल दिला नाही तर कंपोझ मोकळं झालेलं १७२.१७, मग १७२.१८, १७२.१९ करत पुढे जातं आणि ते संपलं की १९२.१६८ मधले /२० घेतं. त्यातला पहिला तुकडा १९२.१६८.० पासून १५ पर्यंत, म्हणजे तुमची अंधेरी त्यात. मग हाच धागा उलटा लिहावा लागेल.

चौथी सीट

रात्री केलं. तात्पुरता रूट काढला, तरी भिवंडी चालू आहे. आयपी रूट गेट आता ईएनएस५ दाखवतं.

एक शंका. हे अ‍ॅप ऑटो स्केलिंग ग्रुपमध्ये आहे. लोड वाढून नवीन सर्व्हर आला तर?

पार्लेकरीण

तो येणार कोऱ्या डॉकरसकट, आणि त्याच्यावर गेलेले स्कॅनर परत अडकणार. म्हणजे कधी चालतं, कधी नाही. तसली तक्रार तर शोधायला महाकठीण. ती फाइल लाँच टेम्प्लेटच्या युजर डेटामध्ये (नवीन सर्व्हर सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट) डॉकर सुरू व्हायच्या आधी लिहा, नाहीतर एएमआयमध्येच (सर्व्हरची तयार डिस्क इमेज) घालून नवीन एएमआय करा.

चौथी सीट

युजर डेटामध्ये टाकलं, एक सर्व्हर मुद्दाम मारून नवीन आणला, भिवंडीहून पिंग झालं. शीर्षकात "सुटलं" लिहायचंय, पण मला संपादनाचा पर्याय दिसत नाहीये. संपादक मंडळींनी कृपया बदलावं.