मदत हवी आहे : वाचलेले परीक्षेत आठवत नाही

रानवाट : राज्यघटनेचे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या. वाचताना सारे ओळखीचे वाटते, परंतु पर्याय समोर आले की गोंधळ उडतो. वेळ कमी आहे. लक्षात ठेवण्याची खात्रीची पद्धत कृपया लवकर सांगावी.

मुक्ता_क : परीक्षा कोणती आणि नेमके काय आठवत नाही, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_वाचक : पहाटे उठून मोठ्याने पाठांतर करावे. आमच्या पिढीला दुसरे काही लागले नाही.

रानवाट : राज्यसेवा पूर्व परीक्षा. राज्य निवडणूक आयुक्त आणि राज्य लोकसेवा आयोगाचे सदस्य यांना पदावरून कोण दूर करू शकते, अशा प्रश्नांत अडतो.

मुक्ता_क : दोघांचीही नियुक्ती राज्यपाल करतात, म्हणून हा घोळ होतो. आयोगाच्या सदस्याला अनुच्छेद 317 नुसार फक्त राष्ट्रपती दूर करू शकतात, तर राज्य निवडणूक आयुक्ताला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागू असलेल्या पद्धतीनेच दूर करता येते. पुस्तक मिटून हा तक्ता कोऱ्या कागदावर लिहा आणि मगच ताडून पाहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले होते.

निबंधप्रेमी : मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, त्यामुळे हस्ताक्षर आतापासूनच सुधारावे.

जुना_वाचक : न पाहता म्हणणे म्हणजेच पाठांतर. मुक्ताताई, तुम्ही वेगळे काय सांगितले?

मुक्ता_क : न पाहता म्हणण्याचा लाभ मला मान्य आहे. मात्र ओळीने पाठ केलेले ओळीनेच आठवते आणि प्रश्न मधूनच येतो. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा होत असताना पहिल्या ओळीपासून म्हणत बसायला वेळ कोठून आणणार?

सांजवेळ : अंकी हे अ‍ॅप वापरा. जे चुकते ते लवकर आणि जे येते ते उशिरा, असे ते विचारते. मात्र नुसते अनुच्छेद क्रमांक त्यात भरू नका, दोन पदांमधला फरक विचारणारा प्रश्न भरा.

रानवाट : आभारी आहे. आज दोन्ही पदांचा तक्ता लिहितो. हीच पद्धत कोकणातल्या नद्यांना चालेल का?

मुक्ता_क : अवश्य. रिकामा नकाशा घेऊन दमणगंगेपासून तेरेखोलपर्यंत नद्या स्वतः काढा, आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून सुरुवात करा.